आईच्या रक्ताची पिशवी

धाराशिव,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय वैष्णू,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळावर आठ्या चढल्या असतील. चढू देत. माझा फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर तुझा फोटोही मला दिसत नाही, म्हणजे माझा नंबर तू कुठं नेऊन टाकलायस ते मला कळतं. म्हणून चाकणचा हा पत्ता मोनिकाकडून काढला. तिच्यावर डाफरू नकोस. तुझ्या खोलीत राहते म्हणून तुझ्या रागातही तिनं निम्मा वाटा उचलायचा की काय? दोनदा ती नाहीच म्हणाली, तिसऱ्यांदा मी फोनवर रडले तेव्हा तिनं पत्ता दिला. मी रडले हे तुला खरं वाटणार नाही. रडकी तू आणि भांडकुदळ मी, अशी वाटणी आपल्या घरात लहानपणीच झाली होती. पण गेल्या दीड वर्षात बरीच उलटापालट झाली बघ. तू आता रडत नाहीस म्हणे, आणि मला रक्तपेढीच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायची सवय लागली.

इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत असते, म्हणून लिहिते. सास्तूरला रानात ज्वारी गुडघ्याला लागली आहे. श्रीमंतकाका आपलं रान नीट बघतात, कुरकुर करतात पण बघतात. आईचा पाय थंडी पडली की ठणकतो, भूकंपात भिंत पडलेला तोच पाय. दिवाळीला तिनं गूळ-शेंगदाण्याचे लाडू केले. कुणासाठी केलेस म्हणून विचारलं तर म्हणाली, पाव्हण्यारावळ्यासाठी. घरी तीन पाव्हणे येऊन गेले, एकाच्याही ताटात तिनं लाडू ठेवला नाही. डबा अजून फडताळात वरच्या फळीवर आहे, मी एक काढायला गेले तर हातावर चापट मारली. माझं वय अठ्ठावीस आहे हे तिच्या लक्षातच राहत नाही.

पुढच्या महिन्यात येळवस, म्हणजे वेळ अमावास्येला पुन्हा सगळं गाव रानात जेवायला. तू पळायला कशी लागलीस असं कुणी विचारलं की मी येळवशीचीच गोष्ट सांगायचे. तू चौथीत होतीस. सगळी माणसं रानात पंगतीला बसलेली, भज्जी, आंबिल, उंडे सगळं मांडलेलं, आणि आईच्या ध्यानात आलं की पानात वाढायला मीठच आणलेलं नाही. आप्पा सायकल काढायला उठले तोवर तू फ्रॉक खोचून सुटलीस. घर तिथून अडीच किलोमीटर. आप्पा सायकलचं पंक्चर काढून पांदीतून रस्त्याला लागतायत न लागतायत तोच तू समोरून परत येताना दिसलीस, छातीशी अख्खी बरणी धरून. मिठाची पुडी कुठं आहे ते सापडेना म्हणून बरणीच उचलली होतीस, येडी कुठली. आप्पा त्या दिवशी घास घेता घेता हसत होते. पुढं दोनच वर्षांनी ते गेले, पण जाईपर्यंत येईल त्याला ही गोष्ट सांगत होते.

तेवढ्या जोरावर आईनं तुला धाराशिवला मैदानावर आणून सोडलं. हिंमतराव सरांनी तुझे पाय बघितले, दम बघितला आणि तुला दहा हजार मीटरसाठी धरलं. पंचवीस फेऱ्या. मला तर बघूनच चक्कर यायची. माझी रक्तपेढीतली सकाळची पाळी असली की मी जाता जाता जाळीपाशी थांबायचे, आणि तू जाळीजवळून गेलीस की मुद्दाम ओरडायचे, हळू पळ गं, मागं कुणी लागलंय का. तू वळून बघायची नाहीस, पण हसायचीस. ते हसू मी दिवसभर मिरवायचे बघ, जणू पळत मीच होते.

आता आईच्या रक्ताच्या वेडाबद्दल लिहिते. यातलं सगळं तुला माहीत आहे, पण आज मला ओळीनं लिहायचंय, तेव्हा ऐकून घे. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा तिच्या लग्नाला चार महिने झाले होते. गणपती बुडवून लोकं निजली आणि पहाटे दगडमातीची घरं बसली. आजी त्यात गेली. आईला दुपारी बाहेर काढलं, पायाचा चेंदामेंदा, अंगातलं रक्त मातीनं प्यालेलं. सोलापूरला नेऊन दोन बाटल्या रक्त चढवलं तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. रक्त कुणाचं ते तिला कधीच कळलं नाही. दवाखान्यात कुबडीवर विचारत फिरली म्हणे, त्या माणसाचं नाव सांगा, मला त्याला ववाळायचंय. नाव काही मिळालं नाही. तेव्हापासून दर तीस सप्टेंबरला गावात शिबिर भरतं आणि पहिल्या खाटेवर आपली आई, गजराबाई. दंड पुढं करायची आणि म्हणायची, माझं रक्त लई दाट हाय, घ्या अजून. मी रक्तपेढीत कामाला लागले तेव्हा तिनं गावभर पेढे वाटले, ते नोकरी लागल्याचे नव्हते, पोरगी रक्ताच्या कामाला लागली याचे होते.

आणि तुला झाला टायफॉईड. त्यात पाळीचा त्रास. दोन हजार तेवीसचा डिसेंबर संपता संपता तुझं हिमोग्लोबिन मीच तपासलं होतं, नऊ पूर्णांक चार. राष्ट्रीय स्पर्धा फेब्रुवारीत. तिथं पदक मिळालं तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात भरती व्हायचा रस्ता, आणि ती संधी पुन्हा येईल की नाही कुणास ठाऊक. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि तीन महिने मैदानाचं नाव काढू नको म्हणाले. रक्त चढवण्याएवढं काही झालेलं नाही, असंही म्हणाले, कारण आईनं त्यांना ते विचारलं होतं. त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या आल्या आई म्हणाली, त्या डाक्टरला काय कळतंय. तू भिंतीला टेकून उभी होतीस. तुझा चेहरा बघवत नव्हता गं.

इथं एक माणूस मला मध्ये आणावा लागेल, त्याचं तुला मी कधी सांगितलं नाही. तुझ्या तपासणीच्या महिनाभर आधी रक्तपेढीत एकजण आला होता. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. स्वतःचं रक्त काढून ठेवलं तर किती दिवस टिकतं, किती थंडाव्यात ठेवायचं, प्रवासात बर्फाच्या पेटीत चालतं का, असं सगळं विचारत बसला. मला वाटलं कुणाचं ऑपरेशन असेल, मी आपलं पस्तीस दिवस, दोन ते सहा अंश, असं सांगत गेले. मग तो हसून म्हणाला की ताई, महिनाभर आधी काढून ठेवायचं, तोवर अंग नवं रक्त तयार करतं, आणि शर्यतीच्या तोंडावर जुनं परत आत सोडायचं; स्वतःचंच रक्त स्वतःच्या अंगात, कुठलं यंत्र काय पकडणार आहे? तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी त्याला असा झाडला की बाहेर बाकावर बसलेले रक्तदाते उठून उभे राहिले. तो गेला. त्याचं बोलणं मात्र माझ्या डोक्यात मुक्कामाला राहिलं.

मी वाचत सुटले. औषध घेतलं असेल तर लघवीत सापडतं, पण रक्तात रक्त मिसळलं तर शोधायचं कसं? दुसऱ्याचं असेल तर तपासणी आहे. स्वतःचंच असेल तर सरळ बोट ठेवता येईल अशी तपासणी अजून नाही. त्यासाठी खेळाडूचं रक्त वर्षानुवर्षं तपासून नोंद ठेवतात, हिमोग्लोबिन किती, कोवळ्या पेशी किती, आणि त्यात एकाएकी चढउतार दिसला की संशय घेतात. पण चढउताराला कारणं का कमी आहेत? डोंगरावर सराव केला तरी चढतं, पाणी कमी पडलं तरी चढतं, तापात उतरतं, पाळीत उतरतं. संशयावर कुणाचं आयुष्य मोडायचं म्हणजे त्यांनाही दहादा विचार करावा लागतो, आणि तेवढ्या फटीतून शिट्टीवाल्यासारखे निसटतात. एवढं सगळं वाचून मी पदराला गाठ कशाची मारली, तर आपलं रक्त असलं की सापडत नाही, एवढ्याचीच.

डॉक्टरांकडं जाऊन आलो त्याला महिना झाला होता. स्पर्धेला आठवडा राहिला असताना आई सकाळच्या यष्टीनं माझ्या खोलीवर आली. पिशवीत दही, भाकरी आणि तिचं ते रक्तदानाचं कार्ड. म्हणाली, तिला माझं रक्त चढीव. परक्याच्या रक्तावर म्या उठून बसले, ही तर माझ्या पोटची हाय. आणि बये, मी, जी रोज पन्नास नळ्या जुळवते, ती पण तेच समजले. आईचं म्हणजे आपलंच की. आपण एकच गट, बी पॉझिटिव्ह. मी रक्तपेढीतून कोरी पिशवी उचलली, दोघींचं रक्त जुळवून बघितलं, आणि रविवारी दुपारी माझ्या खाटेवर आईचं काढलं आणि तासाभरात तुला लावलं. खिडकीच्या गजाला पिशवी बांधली होती. सख्ख्या नात्यातलं रक्त किरण न मारता तसंच देऊ नये, क्वचित उलटतं आणि माणूस दगावतो, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलेलं. तेही मी बाजूला सारलं. आई खाली सतरंजीवर पडून वर पिशवीकडं बघत होती, आणि इतकी खूश मी तिला आप्पा गेल्यापासून बघितली नव्हती.

सुई लावायच्या आधी तू मला विचारलंस, ताई, हे चालतं का. आठवतं ना? मी हसून म्हणाले होते, आईचं रक्त ते, औषध थोडंच आहे, आणि काही निघत नाही त्यांच्या तपासणीत. तू दंड पुढं केलास. लहानपणापासून मी सांगितलेलं तू ऐकत आलीस, विहिरीत उडी मार म्हटलं तरी मारली असतीस.

एका पिशवीनं काय होतं? हिमोग्लोबिन एकानं वाढतं, बस. पण पळणाऱ्याला तेवढंही पुष्कळ होतं हे मला शर्यत बघताना कळलं. शेवटच्या दोन फेऱ्यांत तू सहावीवरून तिसरी आलीस. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर आम्ही दोघी बघत होतो, आणि आई पडद्याला हात लावून म्हणत होती, पळतंय बघ माझं रक्त. चौथी आली ती कर्नाटकची चन्नम्मा, तुझ्यामागं छातीभर अंतरानं. रेषेवर कोसळून ती बराच वेळ उठली नव्हती. तेव्हा मला तिची कीव आली होती. आता लाज वाटते. पुढं तुझं काढून घेतलेलं पदक तिला मिळालं म्हणे, पण मैदानात, लोकांसमोर, गाणं वाजत असताना जे मिळायचं ते काही मिळालं नाही तिला. आपण तिचं चोरलं, वैष्णू. तू नाही, मी.

शर्यतीनंतर तुझं रक्त नेलं होतं त्याचा कागद सहा आठवड्यांनी आला. दुसऱ्या माणसाचं रक्त सापडलं. मी तो कागद वाचला आणि त्यात काय लिहिलंय ते तुझ्याही आधी मला कळलं. आपल्या लाल पेशींवर बारीक बारीक खुणा असतात. ए, बी, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह या मोठ्या खुणा, त्या आम्ही जुळवतो. त्याखाली कितीतरी बारक्या असतात, त्यातल्या काही आईकडून येतात, काही बापाकडून. तुझ्या पेशींवर आप्पांची एक खूण आहे. आईच्या पेशींवर ती कशी असेल? त्यांच्या यंत्रानं हजारो पेशी एकेक करून तपासल्या आणि शंभरातल्या सात-आठ बिनखुणेच्या निघाल्या. माणसाच्या अंगात एकाच तऱ्हेच्या पेशी असतात. दोन तऱ्हेच्या निघाल्या की संपलं. शिट्टीवाल्याचं खरंच होतं, आपलं रक्त सापडत नाही. पण आईचं रक्त आपलं नसतं, हे मला त्या कागदानं शिकवलं. तुझ्या शर्यतीत पुढच्या दोघींच्या नमुन्यात काही निघालं नाही. त्या निर्मळ असतील, मी कोण बोलणार.

आता जे लिहायला हात अडखळतोय ते लिहिते. मी तुला म्हणाले होते की मला ठाऊक नव्हतं, आणि तू ते खरं मानलंस. मला ठाऊक होतं. कुणाचंही रक्त, कितीही, चढवायला मनाई आहे, हे मी वाचत होते त्याच पानावर ठळक अक्षरात होतं. मी ते वाचलं आणि बोटानं वर सरकवलं. दुसरं असं की उत्तेजकांच्या चौकशी समितीनं तुला विचारलं तेव्हा खरं सांगायची तुझी तयारी होती. वकीलही म्हणाले होते की रक्त कुणी दिलं, कुणी चढवलं हे कबूल केलं आणि घरच्यांच्या अडाणीपणानं झालं असं पटलं, तर चार वर्षांची बंदी दोनवर येऊ शकते. आदल्या दिवशी मी तुझ्यासमोर बसले आणि तुझे पाय धरले. आईला कळलं तर ती जगणार नाही, असं म्हणाले. आईचं नाव मी पुढं केलं होतं गं, मागं लपलेली मीच होते. माझी नोकरी, माझं नाव, रक्तपेढीतून पळवलेली पिशवी. तू मोबाईलसमोर बसून त्या साहेबांना तीनदा सांगितलंस, मला माहीत नाही. ते म्हणाले, खेळाडूला माहीत नसणं हे कारण होत नाही. चार वर्षं लिहिली.

आईला आपण सांगितलं की ताकदीच्या गोळीत भेसळ निघाली, कुणीतरी मुद्दाम केलं. झाकली मूठ. पण गाव काय झाकलं राहतंय का? फाट्यावरचा तुझा फ्लेक्स आठ दिवसांत उतरला आणि कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर गेला, तुझा चेहरा वरच्या बाजूला. पारावरची माणसं आईला ऐकू जाईल असं बोलायची, पोरगी सुई टोचून पळायची म्हणून. आई त्यांच्याशी भांडली. हो, आई, जी कुणाला अरे म्हणत नाही. आणि मग ती मला घेऊन येरमाळ्याला गेली. येडेश्वरीसमोर पदर पसरून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, ज्यानं माझ्या लेकीच्या अंगात इख घातलं, त्याचा हात झडू दे. बायका वळून बघायला लागल्या. मी तिच्या शेजारी नारळ धरून उभी होते. त्यानंतर रोज सांजेला दिवा लावताना ती तेच म्हणायची. तू घरी यायची बंद झालीस, तेव्हा तुला वाटत असेल, लाज वाटते म्हणून येत नाही असं घरी समजतात. आई तसं नाही समजली. ती समजायची, त्या हात झडणाऱ्या माणसामुळं येत नाहीस.

यंदाच्या तीस सप्टेंबरला शिबिराची पाळी माझी लागली. शाळेच्या वर्गात सहा खाटा. पहिल्या खाटेवर आई, नेहमीसारखी. दंड पुढं केला. त्याच जागी शीर, जिथून मी त्या रविवारी पिशवी भरली होती. मी पट्टा आवळला, कापूस फिरवला, आणि माझ्या हातातली सुई काही पुढं जाईना. आई म्हणाली, टोच की, भेतीस काय. आणि मी सांगून टाकलं. तिथंच, सगळ्यांसमोर, हळू आवाजात, सुई हातात धरून. तुझं रक्त होतं ते आई. मीच चढवलं. त्यातच ती पकडली गेली. मला वाटलं आई आता मारेल, मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं स्वतःच पट्टा सोडला, बाही खाली ओढली आणि म्हणाली, नको. ह्ये बी कुणाला तरी बाधंल. आणि लंगडत घरी गेली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं रक्त दिलं नाही.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मला न सांगता दोन यष्ट्या बदलून एकटीच येरमाळ्याला जाऊन आली. संध्याकाळी दारात चप्पल काढता काढता म्हणाली, तुझ्या हातावरचं काढून आले. मी विचारलं, आणि तुझ्यावरचं? ती आत गेली. मी मागं लागले तेव्हा चुलीपुढं बसून म्हणाली, त्ये ऱ्हाऊ दिलं. तिच्यासारखी बाई देवीला बोललेले शब्द कसे मानते ते तुला ठाऊक आहे. तेव्हापासून ती उजव्या हातानं जेवते ते बघवत नाही मला, प्रत्येक घासाला आधी हाताकडं बघते.

दुसऱ्या आठवड्यात मी रक्तपेढीत साहेबांना सगळं लिहून दिलं. नोकरी गेली. पुढं चौकशी आहे, जे होईल ते होईल, माझं ओझं तुझ्या डोक्यावर ठेवायला मी हे सांगत नाही. मग गौरीशंकर वकिलांकडं गेले. त्यांनी तोंडावर सांगितलं की अपिलाची मुदत कधीच गेली आहे, नवा पुरावा म्हणून अर्ज करता येईल, ऐकतीलच असं नाही, शंभरात वीस म्हणा. पण ऐकलं तर बंदी दोन वर्षांवर येईल, आणि येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतात. तू तेवीसचीच आहेस, वैष्णू. मी तुला पुन्हा पळ म्हणत नाही. घरी ये म्हणायचाही हक्क माझा राहिलेला नाही. फक्त जे तू माझ्यासाठी गिळलंस ते मी आता तुझ्या वतीनं ओकून टाकलं आहे, एवढं तुला कळावं.

सोबत तीन कागद आहेत. एक माझा कबुलीजबाब. दुसरा आईचा जबाब, रक्त माझं होतं, हवं तर माझं रक्त तपासून बघा, असा. तिसरा अर्ज तुझ्या नावाचा, त्यावर पेन्सिलनं खूण केली आहे तिथं सही करायची आणि पंचवीस तारखेच्या आत वकिलांच्या पत्त्यावर पाठवायचा. हे पत्र लिहिलं ते त्या एका सहीसाठी. नसेल करायची तर नको करू, मी विचारणार नाही. पण आईच्या जबाबातली शेवटची ओळ तेवढी वाच. गेल्या रविवारी मी तिला तिचा जबाब वाचून दाखवत होते, तर मध्येच तिनं विचारलं, माझं रक्त तिच्यात अजून किती उरलंय गं? मी सांगितलं, आई, लाल पेशी चार महिने जगते, मग मरते. तुझं रक्त तिच्यात कधीच संपलं, आता थेंबही नाही. मग आई डोळे पुसून म्हणाली, तसं लिही त्या सायबास्नी. लिही की आता तिच्यात माझं काय बी ऱ्हायलेलं न्हाय, पळू द्या तिला. वकील म्हणाले, हे वाक्य कायद्यात बसत नाही, काढा. मी काढलं नाही. त्याच्या खाली तिनं सही केली आहे.

तुझीच, हाक मारशील तर अजूनही ताई,
अर्पिता